जिमच्या दारावरची पाटी आणि लेगिंगचं माप

आपल्या गावातल्या एका जिमच्या दारावर गेल्या पंधरवड्यात नवी पाटी लागली. "महिलांनी सभ्य व सैल पोशाखातच यावे. लेगिंग घालून आल्यास प्रवेश मिळणार नाही." जिमचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. मालकांशी माझं बोलणं झालंय. माणूस वाईट नाही. "मॅडम, दोन-तीन घरांतून तक्रार आली, म्हणून लावली पाटी," एवढंच त्यांचं म्हणणं.

पाटीचा फोटो दोन दिवस सगळ्या ग्रुपवर फिरला. निम्मे म्हणाले, बरं केलं, संस्कृती राहिली पाहिजे. निम्मे म्हणाले, ही हुकूमशाही आहे. दोन्हीकडून भांडणारे बहुतेक पुरुष होते. आणि एवढ्या भांडणात एकानंही हे विचारलं नाही, की व्यायाम करताना बाईनं नेमकं काय घातलं म्हणजे तिला इजा होणार नाही, घामानं त्रास होणार नाही आणि तिचं लक्ष कपड्यात न राहता व्यायामात राहील?

तर आज त्यावरच लिहिते. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा आणि घरातल्या बायका-मुलींनाही वाचायला द्या.

आधी हे बघू, की आपल्याकडे जिमला जाणाऱ्या बायका आहेत तरी कोण. दुपारी अकरा ते एकच्या लेडीज बॅचला येणाऱ्या जास्त करून पस्तिशी ओलांडलेल्या. कुणाला डॉक्टरांनी बजावलंय, वजन उतरवा नाहीतर शुगरची गोळी सुरू करू. कुणाचे गुडघे जिना चढताना बोलतात. कुणाला थायरॉईड, कुणाच्या पाठीचं दुखणं बाळंतपणापासूनचं. स्वयंपाक, डबे, सासऱ्यांची औषधं उरकून ती दीड तास काढते. त्या दीड तासासाठी तिनं घरात किती वेळा विषय काढलेला असतो ते तिचं तिलाच ठाऊक. तिचं जिमला जाणं आधीच कच्च्या दोऱ्यानं बांधलेलं असतं.

पाटी लागली आणि नवरा म्हणाला, "बघ, मी सांगतच होतो, तिथलं वातावरण बरोबर नाही." विषय संपला. माझ्या ओळखीतल्या चौघींनी पुढच्या महिन्याची फी भरली नाही. त्या चौघींपैकी दोघी लेगिंग घालतच नव्हत्या, ट्रॅक पँट घालायच्या. तरी त्यांचंही बंद झालं. पाटी कुणाला उद्देशून लावली आणि फटका कुणाला बसला, बघा.

दुसऱ्या आहेत आपल्या भरतीच्या पोरी. पहाटे साडेपाचला कॉलेजच्या मैदानावर जाऊन बघा. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक अशी 50 गुणांची मैदानी चाचणी असते. एकेका सेकंदावर गुण जातात. त्यासाठी या पोरी वाडीवस्तीवरून सायकलनं, टमटमनं येतात. अंगावर काय असतं? भावाची जुनी ट्रॅक पँट, कमरेला सेफ्टी पिन लावलेली. नाहीतर आठवडी बाजारातली दोनशे रुपयांची चुडीदार लेगिंग आणि वर गुडघ्यापर्यंतचा कुडता. पंधरा दिवसांत लेगिंग मांड्यांच्या मधे उसवते. मांड्या घासून सोलवटतात. पोरी खोबरेल लावून धावतात आणि कुणाला सांगत नाहीत. बापाला सांगायची लाज, अकॅडमीचे सर पुरुष, आणि आई म्हणते, "चार दिवस नको जाऊ."

या पोरींसाठी लेगिंगचा प्रश्न फॅशनचा आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एक पहाट मैदानावर काढावी.

आता "सैल व सभ्य" या शब्दांकडे येऊ. साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर चालायला जाणं वेगळं आणि मशीनवर व्यायाम करणं वेगळं. ट्रेडमिलचा पट्टा पायाखाली फिरत असतो. घेरदार सलवार, लोंबणारी नाडी, ओढणी, यातलं काहीही अडकलं तर माणूस तोंडावर पडतो. मोटरसायकलच्या चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसल्याच्या बातम्या मी स्वतः केल्यात. व्यायामाच्या सायकलचं पॅडल काही वेगळं नसतं. बारबेल खांद्यावर घेऊन बैठक मारताना गुडघा आत वळतोय का, हे ट्रेनरला दिसायला हवं. घोळदार सलवारीत ते दिसत नाही, आणि चुकीच्या पद्धतीनं महिनाभर बैठका मारल्या की दुखणं घेऊनच बाई घरी बसते. जमिनीवर हात टेकून कंबर वर उचलायच्या आसनात लांब कुडता तोंडावर येतो. म्हणजे ज्या सभ्यतेसाठी तो घातला, तीच पहिल्यांदा जाते.

राहिली संस्कृती. तर आपल्या आज्या-पणज्या नऊवारीचा काष्टा मारून भातलावणी करायच्या, डोंगर चढायच्या, डोक्यावर पाण्याचे हंडे आणायच्या. काष्टा कशासाठी? दोन्ही पाय मोकळे राहावेत आणि कापड कुठं अडकू नये म्हणून. कामाला सोयीचा कपडा, हीच आपली रीत होती. पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून शेतात कुणी पाटी लावली नव्हती. तालमीतल्या पैलवानाचंच घ्या. तो लंगोट लावून हौद्यात उतरतो, कारण प्रतिस्पर्ध्याच्या हाती कापड लागू नये आणि शरीराला आधार मिळावा. त्याला कुणी संस्कृती विचारत नाही, उलट त्याच्या पाया पडतो आपण. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडीनं किताब जिंकला, तेव्हा आपल्याच गावातल्या लोकांनी अभिमानानं स्टेटस ठेवले होते. कुस्तीचा पोशाख अंगाला घट्टच असतो. मॅटवर चालतो आणि आपल्या गल्लीतल्या जिममध्ये चालत नाही, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

बारामतीच्या लता करे आठवतात का? साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन धावली आणि जिंकली. 2020 साली त्यांच्यावर सिनेमाही आला. त्यांना माझा दंडवत. पण त्या धावण्याचं कौतुक करताना आपण साडीचं आणि अनवाणी पायांचंच जास्त केलं. त्या बाई तशा धावल्या, कारण दुसरं काही जवळ नव्हतं. ती नाइलाजाची गोष्ट होती, तिला पुढच्या पिढीच्या पोरींसाठी नियम करायचं काही कारण नाही.

दुसरी बाजूही सांगते, म्हणजे मी फक्त इथल्याच लोकांना बोल लावते असं व्हायला नको. जगात उलटी सक्तीही झालीय. 2021 च्या जुलैमध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघानं बिकिनीऐवजी आखूड पँट घातली म्हणून संघाला 1500 युरो दंड झाला. पुरुष खेळाडू मात्र शॉर्ट्समध्येच खेळत होते. बोंबाबोंब झाली, तेव्हा त्याच वर्षी तो नियम बदलावा लागला. 2011 मध्ये जागतिक बॅडमिंटन संघटनेनं महिलांना स्कर्ट सक्तीचा करायचा घाट घातला होता, खेळ आकर्षक दिसावा म्हणून. खेळाडूंनी विरोध केला आणि पुढच्या वर्षी तो गुंडाळला. टोकियो ऑलिम्पिकला जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली मुद्दाम घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या.

तिकडे म्हणाले आखूड घाल, इकडे म्हणतात सैल घाल. दोन्हीकडे बघणाऱ्याचा विचार झाला. घालणारीला विचारलंच नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की कपडा घालणारीच्या शरीराला आणि तिच्या व्यायामाला विचारून ठरवावा. तर तो कसा ठरवायचा, ते आता नीट बघू. हे कुणी सांगत नाही, म्हणून बायका दुकानात जाऊन पैसे वाया घालवतात.

एक. कुडत्याखालची लेगिंग आणि व्यायामाची लेगिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कुडत्याखालची बहुतेक कॉटन-लायक्राची असते. ती घाम पिते आणि ओलीच राहते, जड होते, गुडघ्यावर फुगा येतो. व्यायामाची नायलॉन किंवा पॉलिस्टरची असते आणि तिच्यात साधारण 15 ते 25 टक्के ताणणारा धागा असतो. लेबलवर त्याला इलास्टेन, स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा म्हणतात, तिन्ही एकच. हा धागा 1958 साली अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या शास्त्रज्ञानं तयार केला. दोन्हीपैकी नायलॉन अंगाला मऊ लागतं आणि महाग पडतं. पॉलिस्टर स्वस्त पडतं आणि लवकर वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं. फक्त चालायचं आणि हलके योगासनं करायची असतील तर कॉटनचीही चालेल. घाम निथळणारा व्यायाम असेल तर कॉटन नको.

दोन. दुकानात बैठक मारून बघा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. लेगिंग घालून, उजेडात, आरशाकडे पाठ करून पूर्ण खाली बसा आणि मान वळवून बघा. आतला रंग दिसतोय का? दिसत असेल तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. उभं राहिल्यावर सगळ्याच लेगिंग चांगल्या दिसतात, कापड ताणलं की खरं रूप कळतं. यात मोठ्या कंपन्याही फसल्यात. ल्युलुलेमन या नामांकित ब्रँडला 2013 साली काळ्या योगा पँट दुकानांतून परत घ्याव्या लागल्या, कारण त्या आरपार दिसत होत्या. ट्रायल रूम नसेल तर निदान कापडात मूठ घालून ताणून बघा. मुठीचा रंग दिसला तर अंगाचाही दिसेल.

तीन. उलटी करून शिवण बघा. मांड्यांच्या मधे जिथं चार शिवणी एकाच ठिकाणी येतात, तिथंच कपडा फाटतो आणि तिथंच कातडी सोलते. चांगल्या लेगिंगला तिथं शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेला असतो. तो असेल तर ताण वाटला जातो. शिवणी चपट्या हव्यात, बोट फिरवलं तर टोचायला नकोत. भरतीच्या पोरींनो, बाकी काही बघितलं नाही तरी हे बघा.

चार. कमरेचा पट्टा रुंद, चार-पाच बोटांचा, आणि बेंबीपर्यंत येणारा असावा. बारीक इलास्टिक पोटात रुततं आणि वाकलं की घसरतं. दर दोन मिनिटांनी पँट वर ओढायला लागली तर तुमचं लक्ष व्यायामात राहणार कसं? जागेवर दहा उड्या मारून बघा. खाली आली तर माप चुकलं. धावणाऱ्यांनी आतून नाडी असलेली घ्यावी. बाळंतपणानंतर किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी पट्टा टाक्यांच्या जागी दाबतोय का ते बघावं आणि डॉक्टरांना विचारूनच व्यायाम सुरू करावा.

पाच. माप टेपनं घ्या, कमरेचंही आणि नितंबांचंही. "फ्री साइज" हा शब्द विसरा, तसं शरीर नसतं. घट्ट घातली की चरबी उतरते, हा खुळा समज आहे. उतरतो तो फक्त घाम. मांडीला वळ उठत असतील, मुंग्या येत असतील, तर एक माप मोठी घ्या.

सहा. रंग. फिक्या राखाडीवर घामाचे डाग सगळ्यात आधी उठतात. काळा, गडद निळा, मरून, हे रंग घामालाही बरे आणि पाळीच्या दिवसांतही निर्धास्त. पाळीची भीती ही काही अडाणी बायकांची भीती नाही. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांच्या हट्टी स्पर्धेनंही 2023 पासून महिला खेळाडूंना आतून गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी दिली, ती याच कारणानं.

सात. आरोग्य. व्यायाम झाला की ओल्या लेगिंगवर भाजी घ्यायला जाऊ नका. घरी जाऊन आधी ती काढा. जांघेतला नायटा आपल्याकडे घरोघर आहे. घाम आणि घट्ट ओला कपडा हे त्याचं खाद्य. आतले कपडे सुती असू द्या. लेगिंग आणि टॉवेल कुणाला वापरायला देऊ नका, घेऊही नका. आणि नायटा झालाच तर मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइड असलेली ट्यूब आणून लावू नका. चार दिवस बरं वाटतं, मग तो चिवट होऊन पसरतो. डॉक्टरला दाखवा. धुताना लेगिंग उलटी करा, गार पाणी वापरा, कपडे मऊ करायचं लिक्विड टाकू नका आणि सावलीत वाळवा. कडक उन्हानं ताणणारा धागा मरतो.

आठ. पैसे. बाजारात पाचशे ते हजारात चालण्यासारखी लेगिंग मिळते. दोनशेच्या तीन घेण्यापेक्षा सहाशेची एक घ्या, रोज धुवा, रात्रभर पंख्याखाली वाळते. विणलेल्या होजिअरी मालाचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं तिरुप्पूर. तिथला विनाब्रँडचा मालही चांगला असतो. म्हणून नावापेक्षा कापड आणि शिवण बघा.

आता कुणी म्हणेल, आमच्या घरात लेगिंग चालतच नाही, किंवा मलाच अवघड वाटतं. काही हरकत नाही. वर मांडी झाकणारा सुती-पॉलिस्टर टी-शर्ट घाला. किंवा घोट्याशी रिब असलेली, फार घोळ नसलेली ट्रॅक पँट घ्या. बुरखा घालणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी बॅचमध्ये आल्या की लांब बाह्यांचा लांब टी-शर्ट आणि लेगिंग घालतात, डोक्याला घट्ट बसणारा स्कार्फ बांधतात आणि माझ्यापेक्षा जास्त वजन उचलतात. जे अडकत नाही, घसरत नाही, टोचत नाही, ते चालतं. लेगिंग घालाच अशी पाटीही मला नकोय.

ज्या तक्रारीतून हे सुरू झालं, तीही मी विचारून घेतली. कुणीतरी व्यायाम करणाऱ्या मुलीचा मागून व्हिडिओ काढला आणि तो फिरला. म्हणजे मोबाइल ज्यानं धरला तो मोकळा आणि पाटी मुलींच्या नावानं! दरवाजाची कडी चोरानं तोडली म्हणून घरमालकाला दंड केल्यासारखं आहे हे. भारतीय न्याय संहितेत कपडे बदलताना बाईला चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा कलम 77 चा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी किमान एक वर्ष कैद. नको म्हणत असतानाही बाईचा पाठलाग करणं हा कलम 78 चा. कपडे बदलायच्या खोलीला कडी नसलेल्या जिम आपल्याकडे आहेत. मालकांनी आधी तिकडं बघावं.

म्हणून माझ्या मागण्या अशा. जिमवाल्यांनी ही पाटी काढावी आणि सगळ्यांसाठी, बाया-पुरुष दोघांसाठी, एक पाटी लावावी: "लोंबणारे कपडे व दागिने घालून मशीनवर बसू नये. स्वच्छ बूट व टॉवेल आणावा. दुसऱ्याचा फोटो-व्हिडिओ काढल्यास सभासदत्व रद्द." खोलीला कडी बसवावी. भरती अकॅडमीवाल्यांनी हजारोंनी फी घेता, तर प्रवेशावेळी पोरींना एक बरी लेगिंग आणि टी-शर्ट द्यावा, आणि मैदानावर एक तरी महिला प्रशिक्षक ठेवावी. कापड दुकानदारांनी ट्रायल रूम करावी आणि डबल-ट्रिपल एक्सएल मापंही ठेवावीत. व्यायाम फक्त सडपातळ बायकांनी करायचा असतो असं थोडंच आहे? आणि नगरपालिकेनं बागेतल्या ओपन जिमजवळचे बंद दिवे लावावेत. संध्याकाळी सातनंतर तिथं बायका येत नाहीत, कारण अंधार असतो.

मालकांना मी सांगितलंय, नवी पाटी माझ्या खर्चानं करून देते, मजकूर वर लिहिलाच आहे. ते म्हणाले, विचार करतो. तक्रार दोन-तीन घरांची होती. त्या जिमला जाणाऱ्यांपैकी, विशेषतः पुरुषांपैकी, दहा जणांनी जाऊन "पाटी काढा" म्हटलं तर विचार लवकर होईल. घरी बसलेल्या त्या चौघींची या महिन्याची फी भरायची मुदत दहा तारखेपर्यंत आहे.